रुखवतातला उलटा मोर

माझा धंदा चष्म्याचा. गंगापूर रोडवर दुकान आहे, आणि आयुष्यभर मी लोकांना "वरची ओळ वाचा, आता खालची वाचा" असं सांगत आलो. माझ्या स्वतःच्या डोळ्यांची तऱ्हा मात्र वेगळी आहे. समोरून येणारा सख्खा साडू मला दिसत नाही, पण रस्त्यापलीकडच्या हातगाडीवर, वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली दबलेली चामडी बांधणीची कड मला चालत्या रिक्षातून दिसते. बायको म्हणते, हा डोळ्यांचा नंबर नाही, डोक्याचा आहे.

जुन्या आवृत्त्या, देखण्या बांधणीची पुस्तकं जमवणं, या प्रकाराला आमच्या घरात "त्यांचं ते" म्हणतात. "त्यांचं ते सुरू झालं का?" किंवा "त्यांचं ते हॉलमध्ये नको." माझी त्याला हरकत नाही. ज्याने कधी शंभर वर्षांपूर्वीच्या, रंगांच्या लाटा उमटवलेल्या अबरी कागदावरून बोट फिरवलं नाही, पुस्तक मिटल्यावर तिन्ही कडांनी उजळणारा सोनेरी मुलामा पाहिला नाही, त्याला समजावून सांगण्यात अर्थ नसतो. मी नाद सोडून दिला आहे. समजावण्याचा, पुस्तकांचा नाही.

या सगळ्यात माझा जीव की प्राण म्हणजे पाच भागांचा एक कथासंग्रह. त्याचं नाव मी इथे सांगणार नाही. सांगितलं तर उद्या सगळे त्याच्या मागे लागतील, आणि माणसांवर विश्वास ठेवण्याचं माझं वय गेलं. एका हौशी संस्थानिकाने याच्या मोजक्या प्रती खास बांधून घेतल्या होत्या, असं सांगतात. गडद डाळिंबी चामडं, आणि प्रत्येक भागाच्या मुखपृष्ठावर मधोमध सोन्याच्या वर्खात ठसवलेला मोर. माझ्याकडे पहिला, दुसरा, तिसरा आणि पाचवा हे चार भाग होते. नव्हता तो चौथा.

आणि चौथाच तर खरा. चौथ्या भागावर ठसा मारताना बांधणाऱ्याला डुलकी लागली असावी, कारण त्यावरचा मोर उलटा आहे. पाय आकाशात, तुरा जमिनीकडे. सर्वसाधारण माणूस अशी प्रत दुकानदाराच्या तोंडावर फेकेल. आम्ही लोक अशा प्रतीसाठी रेल्वेची तिकिटं काढतो. मी पुणे पालथं घातलं, कोल्हापूर पाहिलं, बडोद्यात एका म्हाताऱ्या वकिलाच्या माळ्यावर चढून शिंकून शिंकून आजारी पडलो. उलट्या मोराची गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली होती, मोर कुणी पाहिला नव्हता.

खरं सांगायचं तर चौथ्या भागाच्या मागे आणखी एक काळजी लपलेली होती. आम्हाला मूलबाळ नाही. माझ्यामागे जे काही आहे ते भाच्याचं, धाकट्या बहिणीच्या मुलाचं. मुलगा गुणी. सिन्नरच्या कारखान्यात इंजिनीअर आहे, मला मुलासारखा आहे. पण एकदा माझ्या कपाटांसमोर कमरेवर हात ठेवून तो म्हणाला होता, "मामा, हे सगळं स्कॅन करून घेऊ. एका पेनड्राइव्हमध्ये मावेल. मग या भिंतीवर मस्त मोठा टीव्ही लागेल." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. म्हणूनच मला जास्त भीती वाटली. मी गेल्यावर तेराव्याला जेवणं होतील आणि चौदाव्याला दारात रद्दीवाल्याचा टेम्पो उभा असेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

अशा या भाच्याचं लग्न ठरलं. त्याच्याच कारखान्यातली मुलगी, माहेर घोटीचं, वडिलांची भाताची गिरणी. मुलगी मी पाहिली नव्हती, कारण साखरपुड्याला मी गेलो नव्हतो. त्या दिवशी पुण्यात एका बंगल्यातली जुनी पुस्तकं विकायला निघाली होती. तिथे मला उंदरांनी कुरतडलेला एक शब्दकोश मिळाला आणि घरी आल्यावर बहिणीने मला जे ऐकवलं ते त्या शब्दकोशातही नव्हतं. तेव्हा लग्नात मी शहाण्यासारखं वागायचं, फक्त मामा म्हणून वावरायचं, असं मला बायकोने गाडीत तीनतीनदा बजावलं. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो.

कार्यालय घोटीच्या अलीकडे, हायवेला लागून. फेटा बांधून झाला, अत्तर लावून झालं, पोहे खाऊन झाले. मी हात धुऊन वळलो आणि मंडपाच्या डाव्या अंगाला मांडलेल्या रुखवताकडे माझं लक्ष गेलं.

रुखवत दणक्यात होतं. साखरेची तुळस, खोबऱ्याचा शंकर, लोकरीची बदकं, करंज्यांचा डोंगर, थर्मोकोलचा दुमजली बंगला आणि त्याच्या दारात थर्मोकोलची गाडीसुद्धा. मधोमध सप्तपदीचा देखावा होता. सात पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर पावलाच्या जागी एकेक जाडजूड पुस्तक आडवं ठेवलेलं. पुस्तकाच्या कोपऱ्यावर विड्याचं पान, पानावर तांदळाची इवलीशी रास, वर सुपारी. पाचव्या पायरीवर काहीतरी डाळिंबी होतं आणि त्याची कड सोन्यासारखी चमकत होती.

माझे पाय आपोआप चालू लागले. जवळ गेलो. डाळिंबी चामडं. सोन्याचा मोर. पण मोर सरळ उभा होता, पाय खाली, तुरा वर. मी हिरमुसलो, आणि मग मोराच्या बाजूची अक्षरं वाचली. वाचताच येईनात. अक्षरं उलटी होती. म्हणजे पुस्तक उलटं ठेवलं होतं. म्हणजे मोर...

माझ्या तोंडून कसला तरी आवाज निघाला. शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या, नऊवारीतल्या एक बाई ताडकन उठल्या. त्या मुलीची आत्या, रुखवताच्या राखणीला बसवलेल्या.

"हात नका लावू पाव्हणं. विहीणबाईंनी बघायच्या आधी रुखवताला हात लावत नाय."

"आत्याबाई, हे पुस्तक... हे उलटं का ठेवलंय?"

"त्यो मोर डोक्यावर उभा होता. बरं दिसतं व्हय, लग्नाघरी? म्या सरळ केला."

मला त्या माऊलीच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी ओरडावंसंही वाटलं. कारण विड्याचं पान ओलं होतं. ओलं पान, थेट चामड्यावर! आणि थोड्याच वेळात या मंडपात हळदीकुंकवात कालवलेल्या अक्षतांचा पाऊस पडणार होता. मी पान उचलायला हात पुढे केला. आत्याबाईंनी माझ्या हातावर चापट मारली. वरपक्षाच्या मामाला लग्नाच्या दिवशी चापट मारणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

एवढ्यात भटजींनी हाक दिली आणि मला नवऱ्यामुलाच्या मागे उभं केलं. मामाचं काम काय, तर भाच्याच्या पाठीशी उभं राहायचं. मी राहिलो. पण मान डावीकडे. लग्नाचे फोटो आले आहेत, त्यात अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना सगळे वधूवरांकडे बघताहेत आणि मी एकटा मंडपाबाहेर म्हैस सुटल्यासारखा भलतीकडे बघतो आहे. दर "शुभमंगल सावधान"ला अक्षता उडायच्या आणि माझा जीव खालीवर व्हायचा. तरुण पोरं तर नेम धरून मारतात. मी चार वेळा "समोर मारा, समोर!" असं ओरडलो. लोकांना वाटलं मामाला उत्साह आवरत नाही.

वाजंत्री वाजली, हार घातले गेले. नवरा-नवरी स्टेजवर फोटोवाल्याच्या ताब्यात गेले. मला आता दम निघेना. मी मुलीच्या वडिलांना गाठलं, हाताला धरून बाजूला नेलं आणि आवाज खाली करून म्हणालो, "व्याहीबुवा, रागावणार नसाल तर एक मागणं आहे."

आता इथे मी काय चूक केली ते कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. वरपक्षाकडचा माणूस, त्यातून मामा, त्यातून साखरपुड्याला न आलेला. तो अक्षता पडल्यावर मुलीच्या बापाला कोपऱ्यात घेतो आणि म्हणतो, मागणं आहे. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"बोला ना मामासाहेब," ते कसेबसे म्हणाले. "काय चुकलं का आमचं?"

"चुकलं काही नाही. ते तिकडे रुखवतात..." मी बोट दाखवलं.

माझं बोट थर्मोकोलच्या बंगल्यावर होतं की बंगल्यासमोरच्या गाडीवर, देव जाणे. ते "आलोच" म्हणून गेले ते थेट भावांना घेऊनच आले. पाठोपाठ बातमी मंडपभर गेली, की मुलाचा मामा रुसला. आमच्याकडे रुसलेल्या पाव्हण्याला कारण विचारत नाहीत, आधी मान देतात. एका काकाने माझ्या खांद्यावर शाल टाकली. दुसऱ्याने नारळ दिला. बांधलेल्या फेट्यावर आणखी एक टोपी बसवण्याचा प्रयत्न झाला. "अहो, मला हे काही नको," मी म्हणत होतो, आणि जितकं नको म्हणत होतो तितकं ते घाबरत होते. कारण खरा रुसलेला माणूसही नेमकं तेच म्हणतो. तिसरा नारळ हातात आला तेव्हा माझी बहीण गर्दी फोडून पुढे आली.

"दादा! आम्ही यांच्याकडे एक सुपारी मागितली नाही आणि तू गाडी मागतोस?"

"कुणी मागितली गाडी?"

"सगळा मंडप म्हणतोय!"

"अगं, मी पुस्तक मागतोय! पुस्तक! पाचव्या पायरीवरचं!" मी तिन्ही नारळ छातीशी धरून किंचाळलो. सनईसुद्धा थांबली.

मग जो हशा पिकला, त्याला तोड नाही. मुलीचे वडील तर गुडघ्यांवर हात टेकून हसले. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात सुटकेचंही पाणी असणार. "पुस्तक व्हय? लय घाबरवलं मामासाहेब तुम्ही. एक कशाला, सातबी घ्या. आत्या, दे गं काढून!"

मी पायरीपाशी पोचलो. एवढ्या वर्षांची वणवण, आणि आता फक्त हात लांबवायचा होता. आत्याबाईंनी तांदळाची रास उचलली, विड्याचं पान उचललं, आणि मी श्वास रोखून खाली पाहिलं. डाग नव्हता. पानाखाली बटर पेपर होता, पानाच्याच आकाराचा, नीट कापलेला. मी पुस्तकाची कड किंचित वर केली. खालीसुद्धा बटर पेपर.

हे आत्याबाईंचं काम नव्हतं. हे कुणाचं काम, असा विचार करतो आहे तोच मागून आवाज आला.

"मामा, थांबा. ते पुस्तक माझं आहे."

शालू सावरत, मुंडावळ्या एका हाताने बाजूला धरून, नवरी स्टेजवरून उतरून आली होती.

"हो गं बाई, तुझंच," तिचे वडील म्हणाले. "मामांना पायजे. देऊन टाक."

"नाही देणार."

लग्न लागून पुरता तासही झाला नव्हता, आणि नव्या सुनेने मामेसासऱ्यांना तोंडावर नाही म्हटलं होतं. तिच्या आईने कपाळाला हात लावला. आत्याबाई पुटपुटल्या, "पोरीला काय कळतंय का नाय!"

"मामा, राग मानू नका," ती म्हणाली. तिचा हात पुस्तकावर होता. "दुसरं काहीही मागा. हे मला परत मिळणार नाही. यावरचा मोर उलटा आहे, तो मुद्दाम नाही, चूक आहे. अशा प्रती फार थोड्या उरल्यात. याचे बाकीचे चार भाग मी किती दिवस शोधतेय, कुठे मिळत नाहीत."

"कुठे मिळाला हा?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"नाशिकला. गंगापूर रोडला एक चष्म्याचं दुकान आहे ना, त्याच्या मागच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याकडे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. ती माझ्यासाठी बनवली आहे हे मला त्या दिवशी समजलं. त्या रद्दीवाल्याशी माझं स्कूटर लावण्यावरून भांडण झालं होतं आणि मी त्याच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं होतं. मी बडोद्याच्या माळ्यावर शिंकत होतो तेव्हा उलटा मोर माझ्या दुकानाच्या पाठीमागे, माझ्या भिंतीला टेकून बसला असणार.

सगळे आता माझ्याकडे बघत होते. मी चिडणार, हे माझ्या बहिणीच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. चिडणं माझ्या स्वभावात आहे, मी नाकारत नाही. आणि मला हवं असलेलं एकमेव पुस्तक माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. पण मला राग येईचना. उलट मी हसत सुटलो. सांगूनही पटणार नाही इतका आनंद मला झाला होता. आमच्या घरात पहिल्यांदाच असं माणूस येत होतं, जे भर मंडपात, चारचौघांत, बापाचं न ऐकता एका जुन्या पुस्तकावर हात ठेवून "नाही देणार" म्हणत होतं!

"नको देऊस," मी म्हणालो. "बाकीचे चार माझ्याकडे आहेत."

तिचे डोळे एवढे मोठे झाले. भाचा मधे येऊन म्हणाला, "कसले चार? काय चाललंय?" त्याच्याकडे आम्ही दोघांनीही लक्ष दिलं नाही. "अबरी कागद आतून निळा आहे की हिरवा?" तिने विचारलं. "निळा. तिसऱ्याला तेवढा हिरवा," मी सांगितलं. "हिरवा?" ती ओरडलीच. शेवटी फोटोवाला तिला धरून नेल्यासारखा घेऊन गेला. मी पंगतीत बसून इतक्या जिलब्या खाल्ल्या, की बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पूजा, गोंधळ सगळं आटोपल्यावर आम्ही जोडप्याला जेवायला बोलावलं. मी सकाळपासून कपाटं पुसत होतो. ती आली, वाकून नमस्कार केला, सरबताचा पेला लांबच्या टेबलावर ठेवला, हात धुऊन कोरडे पुसले आणि मग कपाटापाशी गेली. चारही भाग तिने खाली सतरंजीवर मांडले. हिरवा अबरी कागद उजेडात धरून पाहिला. पहिल्या भागातली एक गोष्ट तिथेच मांडी घालून वाचायला घेतली आणि मधेच खुदकन हसली. भाचा मोबाईलवर क्रिकेट बघत होता.

मग ती उठून वरच्या कप्प्यात डोकावली.

"मामा! डांबरगोळ्या चामड्याला टेकवून ठेवल्यात? आणि ही सगळी इतकी दाटीने बसवलीत की ओढून काढताना कणे फाटतील."

माझ्याशी या सुरात बोलायची दुकानातल्या माणसांची हिंमत नाही. मी डांबरगोळ्या वेचून खिशात टाकल्या. मनात जे होतं ते बोलायला दुसरी वेळ मिळणार नाही असं वाटलं, म्हणून बोलून टाकलं. "पोरी, माझ्यानंतर हे सगळं सांभाळशील का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग कपाटाकडे.

"तुमच्यानंतर कशाला?" ती म्हणाली. "मला शनिवारी सुट्टी असते. या शनिवारी येते, दोघं मिळून वरचा कप्पा लावून काढू. मग पुढच्या शनिवारी खालचा." तिने पदर खोचला. "चौथा भाग मात्र आणणार नाही हं मामा. आधीच सांगून ठेवते."

"नको आणूस," मी म्हणालो.